कॉलेजच्या मुलांशी बोलायला कोणतं समाजमाध्यम? खातं उघडण्याआधीची आणि नंतरची कामं

दरवर्षी जून-जुलैत मला सारखेच फोन येतात. कुणी वाचनालय चालवतं, कुणी एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) युनिट सांभाळतं, कुणी रक्तदान शिबिरं घेतं. तक्रार एकच: ‘सगळीकडे खाती उघडली, पोस्टर टाकली, लाइक्सही येतात, पण मुलं काही येत नाहीत.’ विचारलं की कळतं, खाती आधी उघडली होती आणि विचार नंतर सुरू झाला होता.

मी मुंबईत अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा माणूस, मिळवून देणाऱ्या एका छोट्या गटाचं काम पाहते. आमच्याकडे चूक लगेच कळते. ऑक्टोबरात एका मंगळवारी सकाळी साडेदहाला माटुंग्याच्या केंद्रावर पेपर लिहायला कुणीतरी हवं असतं. पोस्ट शेकडो जणांनी पाहिली आणि एकही जण आला नाही, तर परीक्षार्थी मुलगी रिकाम्या बाकाशेजारी बसून राहते. त्यामुळे माध्यम निवडणं ही आमच्यासाठी हौसेची गोष्ट कधीच नव्हती. खाली दिलेला क्रम त्यातूनच घडला आहे. उदाहरणं लेखनिकांची असली तरी तुमचं काम वेगळं असेल तेव्हाही पायऱ्या याच आणि याच क्रमाने.

१. मुलाने नेमकं काय करायचं, ते एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा. ‘जनजागृती’, ‘तरुणाईशी नातं’, ‘सहभाग वाढवणं’ असे शब्द त्यात आले तर खोडून पुन्हा लिहा. वाक्याचा कर्ता विद्यार्थी हवा आणि क्रियापद डोळ्यांना दिसणारं हवं. उदाहरणार्थ:

- एफवाय-एसवायच्या (पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या) मुलाने आपलं स्टेशन आणि मोकळे दिवस आम्हाला कळवावेत.
- शनिवारी चार वाजता वाचनालयात येऊन सभासद व्हावं.
- अठरा पूर्ण झालेल्या मुलीने मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरावा.

मग या वाक्याला तीन प्रश्न विचारा. उत्तर किती वेळात हवं? मूल ते चारचौघांत देईल की खासगीत? हे एकदाच घडायचं आहे की पुन्हा पुन्हा?

निवडीचं निम्मं काम इथेच होतं. आमचं उदाहरण घ्या. नाव नोंदवायला आठवडा लागला तरी चालतं, पण ऐनवेळी लेखनिक आजारी पडला तर दुसरा दोन तासांत हवा. म्हणजे एकाच कामाला दोन वेगवेगळ्या वेगांच्या जागा लागतात. समुपदेशन करणाऱ्या संस्थेचं उत्तर आणखी वेगळं येईल. तिथे मूल उघडपणे कधीच लिहिणार नाही, त्यामुळे कमेंट्सवर चालणारं माध्यम पहिल्या मिनिटाला बाद.

तपासा: हे वाक्य तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. ‘म्हणजे त्याने काय करायचं?’ असं त्याने विचारलं तर वाक्य अजून तयार नाही.

२. ‘विद्यार्थी’ म्हणजे कोणता, ते ठरवा

मुंबई विद्यापीठाची हद्द शहर आणि उपनगरांपुरती नाही. ठाणे, पालघर, रायगडपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं तिच्यात येतात. ‘मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना आवाहन’ असं लिहिलंत तर सावंतवाडीच्या मुलाचंही उत्तर येईल आणि दादरला त्याचा उपयोग होणार नाही. एसएनडीटी हे वेगळं विद्यापीठ आहे, आयआयटीचं वेळापत्रक वेगळं, स्वायत्त कॉलेजांच्या परीक्षांच्या तारखाही वेगळ्या. दूरस्थ शिक्षण घेणारी मुलं दिवसा नोकरी करतात आणि त्यांचा कॉलेजचा कट्टा असा नसतोच.

म्हणून चार गोष्टी ठरवा: वर्ष, शाखा, वेळ आणि स्टेशन.

वर्षाचं महत्त्व आमच्या कामात जास्तच. लेखनिक साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) परीक्षार्थीला एफवाय-एसवायचं मूल चालेल, एमएचं नाही. ही अट लक्षात घेतल्यावर लिंक्डइनचा विचार आम्ही तिथेच थांबवला, कारण तिकडे मुलं वळतात ती बहुतेक शेवटच्या वर्षी, नोकरीची चिंता सुरू झाली की.

वेळेचंही तसंच. बऱ्याच कॉलेजांत पदवीचे नेहमीचे वर्ग सकाळी सातला भरतात आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचे वर्ग दुपारी. सकाळच्या मुलाला रात्री साडेदहाचा मेसेज दिसत नाही, दुपारच्या मुलाला सकाळी साडेसहाचा दिसत नाही.

स्टेशन विचाराल तेव्हा घराचं आणि कॉलेजचं अशी दोन्ही विचारा. चर्चगेटला शिकणारा मुलगा विरारला राहत असेल तर सुट्टीच्या दिवशी तो तुमच्यासाठी विरारचाच आहे.

खबरदारी: जुलैत एफवायला आलेलं मूल बरेचदा सतरा वर्षांचं असतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतली व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. ‘कॉलेजचं आहे म्हणजे सज्ञान’ असं धरून चालू नका. फॉर्मवर सर्वांत वरचा प्रश्न ‘अठरा पूर्ण आहेत का?’ हाच ठेवा.

३. चाळीस मुलांना समोरासमोर विचारा

हीच पायरी सगळे वगळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. इंटरनेटवरच्या याद्या पाहून माध्यम निवडलं जातं. त्यातल्या पुष्कळ याद्या परदेशातल्या असतात आणि टिकटॉकला वरचं स्थान देतात. आपल्याकडे ते २९ जून २०२० पासून बंद आहे. ‘आजची पिढी फेसबुकवर नसते’, ‘सगळी मुलं स्नॅपचॅटवर असतात’ असली ऐकीव वाक्यंही उपयोगाची नाहीत. तुमच्या कामाची मुलं कुठे असतात, एवढाच प्रश्न आहे.

ऑनलाइन फॉर्म पाठवून विचारू नका. जी मुलं फॉर्म भरतात तीच त्यात सापडतात आणि न भरणाऱ्यांचं काहीच कळत नाही. प्रत्यक्ष जा. रुईया नाका, पार्ल्यातल्या कॉलेजांचा परिसर, कॉलेजजवळचा वडापावचा स्टॉल, स्टेशनचा पूल उतरल्यावरचा कोपरा. कॉलेजच्या आवारात जायचं असेल तर प्राचार्यांना आधी पत्र द्या. गेटवर हुज्जत घालून आत गेलेल्या संस्थेचं नाव तिथे वर्षभर खराब राहतं.

‘तू कुठलं माध्यम वापरतोस?’ हा प्रश्न विचारू नका. सगळे ‘इन्स्टा’ म्हणतील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. सवय उघड करणारे प्रश्न हवेत:

- मागच्या वेळी लेक्चर रद्द झालं, ते तुला कुठे कळलं?
- हॉल तिकीट आल्याची बातमी आधी कुठून आली?
- शेवटचा गूगल फॉर्म भरलास तो कुठल्या लिंकवरून?
- अनोळखी संस्थेचा मेसेज कुठे आला तर उघडशील? कुठे आला तर राग येईल?
- गेल्या महिन्यात कुठला ग्रुप म्यूट केलास आणि का?

शेवटचे दोन सगळ्यात मोलाचे. राग कशाचा येतो ते मुलं अगदी स्पष्ट सांगतात. ‘न विचारता ग्रुपमध्ये टाकलं’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता विचारण्याआधीच वहीत त्याचा रकाना आखते.

निम्मी मुलं सकाळच्या वर्गांची घ्या, निम्मी दुपारची. फक्त सीआर (वर्गप्रतिनिधी) आणि कमिटीतली मुलं गाठू नका. ती सगळीकडे असतात, त्यांच्यावरून वर्गाचा अंदाज येत नाही. मागच्या बाकावरची, घरी क्लास घेणारी, संध्याकाळी दुकानावर बसणारी मुलं शोधा. रोजचा डेटा संपल्यावर काय करतोस, हेही विचारा. दिवसाचा डेटा संध्याकाळी संपणाऱ्या मुलाला तुमचा रात्रीचा लाइव्ह कार्यक्रम दिसणारच नाही.

नोंद साधी ठेवा: वहीत दोन रकाने, ‘कुठे कळलं’ आणि ‘कुठे उत्तर दिलं’. नाव-नंबर घेऊ नका.

तपासा: दोन्ही रकान्यांत सगळीकडे एकच नाव भरलं असेल तर प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारले गेले. पाहण्याची आणि उत्तर देण्याची जागा बहुतेकांची वेगळी असते.

४. प्रत्येक जागेचा स्वभाव ओळखा

आता वही समोर ठेवून एकेक माध्यम पाहा. लोकप्रियता बाजूला ठेवा. इथे काय होतं आणि काय होत नाही, तेवढंच बघायचं.

*व्हॉट्सअ‍ॅप.* वर्गाचा खरा व्यवहार इथे चालतो: सबमिशनच्या तारखा, अटेंडन्स, एटीकेटीचे (राहिलेल्या विषयांच्या परीक्षेचे) फॉर्म. पण ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आहोत’ या वाक्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात आणि सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण तिच्या आतल्या इतर ग्रुपांत दिसतात. ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोहोचते; ‘पाठवलं पण कुणाला मिळालंच नाही’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच. चॅनेल २०२३च्या सप्टेंबरपासून भारतात आहे. फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत, पण ते उत्तरही देऊ शकत नाहीत आणि जुना मजकूर ३० दिवसांपलीकडे राहत नाही. सूचना द्यायला चॅनेल उत्तम. माणूस हवा असेल तर ग्रुप किंवा थेट मेसेज.

*इन्स्टाग्राम.* मुलांना तुमचं अस्तित्व कळतं ते इथे. कॉलेजातले विभाग, कमिट्या, फेस्टच्या टीम, नाट्यमंडळं सगळ्यांची खाती इथे असतात. मुलं स्टोरी पाहतात, एकमेकांना रील पाठवतात, खासगीत बोलतात. उघड कमेंट फारशी करत नाहीत, त्यामुळे कमेंट नाही म्हणून कुणी पाहिलं नाही असं समजू नका. अडचणी दोन. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. ती बायोत किंवा स्टोरीत लिंक-स्टिकर लावून द्यावी लागते. आणि तुम्ही आपणहून मुलाला मेसेज केलात तर तो ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो आणि बहुधा कुणी उघडत नाही. बोलणं मुलाकडून सुरू व्हावं अशीच रचना हवी.

*टेलिग्राम.* नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, स्पर्धा परीक्षांची तयारी. दोन जीबीपर्यंतची फाइल जाते, ग्रुप दोन लाखांपर्यंत मोठा होतो आणि नंतर आलेल्या मुलालाही जुनं साहित्य सापडतं. तुम्ही अभ्यासाचं साहित्य देत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा हे बरं. पण हुबेहूब नावाची बनावट चॅनेलंही इथे पटकन उभी राहतात. तुमच्या खऱ्या चॅनेलची लिंक दुसऱ्या एखाद्या अधिकृत जागी असायलाच हवी.

*यूट्यूब.* संवादाची जागा म्हणून नको, पण ‘पुन्हा पाहायचं’ असं काही असेल तर याला तोड नाही. लेखनिकाने काय करायचं, परीक्षार्थी सांगेल तेच आणि तसंच कसं लिहायचं, तासाला २० मिनिटांचा जादा वेळ कसा मोजतात, याचा छोटा व्हिडिओ आम्ही इथे ठेवतो. लाइव्ह कार्यक्रम ठरवला असेल तर खात्यावर लाइव्हची सोय आदल्या दिवशी सुरू करू नका. पहिल्यांदा ती मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

*लिंक्डइन* टीवाय, एमकॉम, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षासाठी. इंटर्नशिप किंवा प्रमाणपत्र देणार असाल तरच. *डिस्कॉर्ड* कोडिंग क्लब, हॅकेथॉन, गेमिंग यांच्या मुलांना सवयीचं असतं. कला शाखेच्या मुलीला एका कार्यक्रमासाठी ते डाउनलोड करायला लावू नका. *फेसबुक* पालक, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी यांच्यासाठी ठेवा. देणग्या आणि सभागृहं तिथूनच मिळतात. *एक्स*वर रेल्वे, पोलीस, महापालिका यांच्याशी बोलता येतं. विद्यार्थ्यांना बोलावण्यासाठी मी ते निवडणार नाही. *स्नॅपचॅट* मित्रांचं आहे. तिथे संस्थेने शिरणं म्हणजे दोघांच्या गप्पांत तिसऱ्याने खुर्ची ओढून बसणं, आणि मुलांना ते तसंच वाटतं.

५. जोडी ठरवा

एक जागा दिसायला, एक बोलायला. तिसरी जागा हवी ती पक्का पत्ता म्हणून: तुमची साधी वेबसाइट, एकपानी माहिती, नाहीतर कायम तोच राहणारा गूगल फॉर्म. एवढं पुरे. आमची जोडी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप, पक्का पत्ता फॉर्म. अभ्यास-साहित्य देणाऱ्या एखाद्या गटाची जोडी इन्स्टाग्राम-टेलिग्राम होईल, करिअर मार्गदर्शन करणाऱ्यांची लिंक्डइन-व्हॉट्सअ‍ॅप.

तिसरं माध्यम घ्यायचा मोह होईल तेव्हा एकच विचारा: तिथे आलेल्या प्रश्नाला आज संध्याकाळपर्यंत कोण उत्तर देणार? त्या माणसाचं नाव घेता येत नसेल तर खातं उघडू नका. उत्तर न देणारं खातं हे खातं नसण्यापेक्षा वाईट. मुलगी एकदा विचारते, दोन दिवस वाट पाहते आणि नंतर त्या संस्थेला पुन्हा कधी विचारत नाही.

६. खातं उघडण्याआधी हे हाताशी ठेवा

आमच्या गटाचं पहिलं खातं एका उत्साही टीवायच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरवर उघडलं होतं. तो पास झाला, नोकरीला बंगळुरूला गेला, नंबर बदलला. ऐन मार्चच्या परीक्षांच्या तोंडावर आम्ही आमच्याच खात्याबाहेर. त्या मुलाची काहीही चूक नव्हती. आम्ही तयारी न करता त्याच्या खांद्यावर ओझं दिलं होतं. तेव्हापासून हा क्रम मी मोडू देत नाही:

१) संस्थेचा स्वतंत्र ईमेल. त्याचा पासवर्ड दोन मोठ्या माणसांकडे.

२) वेगळं सिमकार्ड, शक्यतो संस्थेच्या नावावर. ते कुणाच्या पाकिटात नाही, ऑफिसच्या फोनमध्ये. रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

३) दुहेरी पडताळणी सुरू करा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

४) खात्याचं नाव. इन्स्टाग्रामचं यूजरनेम देवनागरीत घेता येत नाही, रोमनच घ्यावं लागतं. ‘वाचन’ लिहिताना एक ‘ए’ की दोन, ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’ यावर मुलं अडखळतात. पाच मुलांना नाव तोंडी सांगा आणि फोनवर शोधायला लावा. पाचातल्या चौघांनी बरोबर टाइप केलं तरच ते नाव घ्या.

५) व्यावसायिक प्रकारचं खातं निवडा, नाहीतर पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, शेअर केली हे दिसणार नाही.

६) एका पानावर लिहून ठेवा: कोण पोस्ट करणार, कोण उत्तर देणार, कुणाची परीक्षा कधी. तुमचे स्वयंसेवकही विद्यार्थीच असतील तर परीक्षेच्या काळात तेही गायब होतात, आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला गरज असते. त्या सहा आठवड्यांसाठी शिक्षक, पालक किंवा माजी विद्यार्थी यांच्यातून एक माणूस ठरवा.

तपासा: सध्या खातं सांभाळणारा माणूस उद्या फोन बंद करून गावी गेला तर तासाभरात दुसऱ्याला खात्यात शिरता येईल का? प्रत्यक्ष करून बघा, तोंडी ‘हो’ घेऊ नका.

७. नंबर आणि संमती

कुणालाही न विचारता ग्रुपमध्ये घालू नका. कार्यक्रमाच्या हजेरीपटावरून नंबर उचलून ग्रुप बनवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. हजेरीसाठी दिलेला नंबर हजेरीपुरताच दिलेला असतो.

दुसरी चूक त्याहून गंभीर. लिंकने उघडा ग्रुप, त्यात दोन-तीनशे मुली, सगळ्यांचे नंबर उघडे, आणि लिंकचा क्यूआर कोड कॉलेजच्या भिंतीवर. त्या क्यूआरचा फोटो कुणीही काढतं आणि बाहेरचं कुणीही आत येतं. मग रात्री-अपरात्री मुलींना अनोळखी नंबरांवरून मेसेज सुरू होतात आणि पालक त्यांना अशा सगळ्या कामांतून बाहेर काढतात. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे. एका मुलीने फोन करून ‘ताई, मला यायचंय, पण घरी नाही म्हणतात’ असं सांगितलं, ते मी विसरलेले नाही.

म्हणून: भिंतीवर फॉर्मचा किंवा चॅनेलचा क्यूआर लावा, ग्रुपचा कधीही नको. ग्रुपमध्ये प्रवेश अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच. मोठ्या संख्येसाठी कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप, आणि छोटे कामाचे ग्रुप त्या त्या परीक्षेपुरते. काम संपलं की बंद. एफवायच्या मुलांशी खासगीत बोलायचं असेल तर संस्थेच्याच नंबरवरून, आणि तो नंबर किमान दोघे पाहतात हे मुलांना माहीत असू दे. सिनिअर मुलं जुनिअर मुलांचे अनौपचारिक ग्रुप बनवतात, तिथे रॅगिंगही होतं. तुमचा ग्रुप त्या वाटेला जाणार नाही याची जबाबदारी तुमची.

फॉर्ममध्ये लागेल तेवढंच विचारा. अठरा पूर्ण आहेत का आणि हे कुठे कळलं, हे दोन प्रश्न सोडले तर आम्ही नाव, वर्ष, शाखा, लिहिण्याची भाषा, दोन स्टेशनं, मोकळे दिवस आणि संपर्क एवढंच घेतो. घरचा पत्ता, आधार क्रमांक, जन्मतारीख नको. माहिती कशासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार हे फॉर्मच्या वरच मराठीत लिहा.

खबरदारी: ज्याच्यासाठी काम करता त्याचा फोटो टाकून सहानुभूती मिळवू नका. अंध विद्यार्थ्याचं नाव, बैठक क्रमांक, चेहरा यातलं काहीही आम्ही कुठल्याच माध्यमावर देत नाही. केंद्र, तारीख, वेळ, विषय आणि भाषा, बस्स. एवढ्यावर मुलं येतात.

८. पहिला महिना

सुरुवात कधी करायची, यावर बरंच अवलंबून असतं. जून-जुलै प्रवेशाची धावपळ. ऑगस्ट-सप्टेंबरात मुलं कॉलेजात सापडतात, पण फेस्ट, युवा महोत्सव आणि गणपती यांनी फोन भरलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर परीक्षा. डिसेंबर-जानेवारी पुन्हा फेस्ट. मार्चपासून परीक्षा. नवं खातं सुरू करायचं तर जुलैचा शेवट किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पहिली पोस्ट टाकणं म्हणजे श्रम वाया.

पहिला आठवडा: जाहीर काहीच करू नका. नऊ पोस्ट तयार करून खात्यावर ठेवा. यात तुम्ही कोण, काम काय, किती वेळ लागतो, प्रवासखर्च मिळतो का, प्रमाणपत्र मिळतं का, नाही म्हटलं तर चालतं का, अशा मुलांच्या खऱ्या प्रश्नांची उत्तरं. खातं उघडून पाहणाऱ्या मुलाला रिकामी भिंत दिसली की तो परत फिरतो.

दुसरा आठवडा: कॉलेजच्या मराठी वाङ्मय मंडळाला, एनएसएस युनिटला, विभागाच्या कमिटीला भेटा आणि एक पोस्ट दोन्ही खात्यांवर एकत्र दिसेल अशी ‘कोलॅब’ करा. ओळखीच्या खात्यावर दिसलेल्या गोष्टीवर मुलं विश्वास ठेवतात. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास पूर्ण करायचे असतात. तुमचं काम त्यात धरता येईल का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारून मगच लिहा. परस्पर आश्वासन देऊ नका.

तिसरा आठवडा: फॉर्म खुला करा. फॉर्म भरल्यावर चोवीस तासांत माणसाने लिहिलेला मेसेज जायला हवा. ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ असा ठोकळा नको. ‘स्नेहल, तू मुलुंडला राहतेस, १४ तारखेला ठाण्याचं केंद्र जमेल का?’ असा.

चौथा आठवडा: एक खरं, छोटं काम द्या. नुसतं नोंदवून ठेवलेलं मूल महिन्याभरात विसरून जातं.

मजकुराबद्दल थोडं. लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने, आवाज बंद ठेवून पाहिलं जाईल असं धरूनच सगळं करा. रीलवर मराठीत ठळक शब्द असू देत. काय, कुठे, केव्हा हे पहिल्या दोन ओळींत. मुलं रोमनमध्ये मराठी टाइप करतात म्हणून तुम्हीही तसंच लिहावं असं नाही. देवनागरीत सोपं लिहा, त्यांच्या रोमन प्रश्नाला सरळ उत्तर द्या. त्यांची भाषा उसनी घेऊन लिहू नका, ते लगेच ओळखतात. पोस्टरवरचा सगळा मजकूर कॅप्शनमध्येही टाइप करा आणि चित्राला वर्णन जोडा. अंध विद्यार्थ्यांचा स्क्रीन-रीडर पोस्टरवरची अक्षरं नीट वाचेलच असं नाही, पण टाइप केलेला मजकूर वाचतो. ज्या परीक्षार्थींसाठी आम्ही लेखनिक शोधत होतो त्यांनाच आमच्या सुरुवातीच्या पोस्ट वाचता येत नव्हत्या, आणि हे एका परीक्षार्थीने सांगेपर्यंत आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

तपासा: अंतिम सूचना आदल्या संध्याकाळी गेली का? परीक्षा केंद्रात फोन नेता येत नाही. सकाळी नऊला पाठवलेला बदललेल्या केंद्राचा मेसेज वाचायला कुणाच्या हातात फोनच नसेल. असा बदल फोन करूनच सांगा.

९. मोजा आणि नको ते बंद करा

फॉलोअर मोजू नका. पहिल्या पायरीतलं वाक्य काढा आणि तेच मोजा: किती मुलांनी फॉर्म भरला, किती जण आले, किती जण पुन्हा आले. सोबत आणखी एक आकडा ठेवा, प्रश्नाला उत्तर द्यायला सरासरी किती तास लागले. इन्स्टाग्रामवर लाइकपेक्षा सेव्ह आणि शेअर पाहा. मूल मैत्रिणीला पोस्ट पाठवतं तेव्हा ते खरं तर विचारत असतं, ‘जायचं का?’

फॉर्ममध्ये ‘हे कुठे कळलं?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून हवा. समजा तीन महिन्यांत ६० मुलं आली, त्यातल्या ४० जणांना मित्राने पाठवलेल्या मेसेजवरून कळलं आणि तीन जणांना तुमच्या रीलवरून. मग रीलवर जाणारा वेळ कमी करा आणि मित्राला पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मेसेज नीट लिहा. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायचा विचार हा आकडा हाती आल्यानंतरच.

एक माध्यम पूर्ण सत्रभर वापरूनही फॉर्मपर्यंत कुणी आणत नसेल तर ते बंद करा. बंद करण्याचीही पद्धत आहे. शेवटची पोस्ट टाका, ती सर्वांत वर पिन करा: ‘या खात्यावर आता उत्तर मिळणार नाही, आम्ही इथे आहोत’, आणि पक्का पत्ता. खातं तसंच सोडून दिलं तर कुणीतरी तिथे मार्चमध्ये रात्री अकराला लिहितं, ‘उद्या माझा पेपर आहे, लेखनिक मिळेल का?’

मे महिन्यात निकालांच्या आधी ग्रुप आवरा. टीवायच्या मुलांना विचारा, थांबायचंय का. नको म्हणतील त्यांना आभार मानून काढा आणि त्यांची फॉर्ममधली माहिती पुसा. थांबणाऱ्यांना वेगळ्या ग्रुपमध्ये घ्या; तीच पुढच्या परीक्षेच्या काळात खातं सांभाळतील. अ‍ॅडमिनांची यादी तपासा, पासवर्ड बदला, सिमचं रिचार्ज करा. वही काढा, नवीन पान उघडा, आणि कॉलेजं सुरू झाली की पुन्हा नाक्यावर जाऊन नव्या एफवायच्या चाळीस मुलांना तेच पाच प्रश्न विचारा.